शोध लागला, पुढचा खर्च कोणाचा?

४ जून २०२१. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरू लागली होती. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मधल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात एका रुग्णाला सलाईन लावतात तशी एक पिशवी लावण्यात आली. आतला द्रव किंचित गढूळ, पिशवी लहान. थोड्याच वेळात ती रिकामी झाली. बाजूला उभं राहून पाहणाऱ्याला यात विशेष काही वाटलं नसतं. पण त्या पिशवीत रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी होत्या. त्या आधी शरीराबाहेर काढल्या होत्या, खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत त्यांच्यात एक नवा जनुक घातला होता, त्यांची संख्या वाढवली होती आणि आता त्या परत आपल्या घरी निघाल्या होत्या. ‘कार-टी’ पेशींचा हा उपचार भारतात पहिल्यांदाच होत होता.

उपचाराची कल्पना सांगायला सोपी आहे. ‘टी’ पेशी म्हणजे आपल्या रोगप्रतिकारशक्तीचे शिपाई. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात हे शिपाई शत्रूला ओळखतच नाहीत, कारण कर्करोगाची पेशी घरच्याच माणसासारखी वावरते. म्हणून रुग्णाचं रक्त एका यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि उरलेलं रक्त त्याला परत द्यायचं. मग निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून टी पेशींमध्ये एक जनुक पोचवायचा. त्या जनुकामुळे पेशीच्या अंगावर जणू नवा हात उगवतो आणि कर्करोगाच्या पेशीवरची ‘सीडी-१९’ नावाची खूण तो नेमकी पकडतो. पेशी काही दिवस वाढवायच्या, तपासायच्या आणि परत द्यायच्या. अमेरिकेत अशा पहिल्या उपचाराला, नोव्हार्टिसच्या ‘किमराया’ला, ऑगस्ट २०१७ मध्ये परवानगी मिळाली तेव्हा त्याची किंमत होती ४ लाख ७५ हजार डॉलर. एका रुग्णाची, एका वेळेची.

सांगायला सोपं ते करायला किती पैसे लागतात, आणि ते पैसे कोण देतं? खारघरच्या त्या पिशवीमागे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचं ‘नॅशनल बायोफार्मा मिशन’ होतं. माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी टाटा स्मारक आणि आयआयटी मुंबईच्या गटाला १९ कोटी १५ लाख रुपये मंजूर झाले होते. आकडा मोठा वाटतो खरा. पण तेव्हाच्या डॉलरच्या भावाने हिशेब केला, तर एवढ्या पैशांत अमेरिकी औषध पाच-सहा रुग्णांनाच पुरलं असतं. इथे त्यात एका देशाची पहिली चाचणी उभी राहिली.

हे पैसे मिळाले तेही बरंच पुढे गेल्यावर. आयआयटीतले प्राध्यापक राहुल पुरवार जर्मनीत पीएचडी आणि हार्वर्डमध्ये संशोधन करून २०१३ मध्ये पवईला रुजू झाले. अल्का द्विवेदी, अथर्व कारुळकर यांच्यासारख्या संशोधक विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हा जनुक घडवला. परदेशी उपचारात शत्रूला पकडणारा भाग उंदराच्या प्रतिपिंडावरून घेतलेला असतो. पवईच्या गटाने तो माणसाच्या प्रथिनाशी मिळताजुळता करून घेतला. २०१८ मध्ये ‘इम्युनोॲक्ट’ ही कंपनी निघाली आणि नव्या कंपन्यांना हात देणाऱ्या आयआयटीच्याच ‘साइन’ या इन्क्युबेटरमध्ये तिचं बस्तान बसलं. इथपर्यंतचा प्रवास एका वाक्यात उरकतो, पण संशोधनाचं घोडं बहुतेक वेळा पेंड खातं ते याच टप्प्यावर.

विद्यापीठातल्या प्रयोगशाळेला मिळणारा पैसा नव्या ज्ञानासाठी असतो. रसायनं, एखादं उपकरण, विद्यार्थ्यांची फेलोशिप, परिषदेचा प्रवास. तीन वर्षांनी अहवाल द्यायचा, दोन-चार शोधनिबंध छापून आणायचे. प्रकल्प ‘यशस्वी’ झाला की फाइल बंद. दुसऱ्या टोकाला कारखानदार किंवा गुंतवणूकदार बसलेला असतो. त्याला विकता येईल अशी वस्तू हवी असते, निदान ती चालते याचा पुरावा तरी हवा असतो. दोघांच्या मधल्या जमिनीचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. पहिल्याच्या दृष्टीने तिथलं काम संशोधन नव्हे, दुसऱ्याच्या दृष्टीने तो अजून धंदा नव्हे.

या मधल्या वाटेला मैलाचे दगड लावण्यासाठी ‘टीआरएल’ (टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल) नावाची मोजपट्टी वापरतात. मुळात ती नासाची. एकपासून नऊपर्यंत पायऱ्या असतात. एकवर नुसतं मूलतत्त्व, तीनवर कल्पना चालू शकते याचा प्रयोगातला पुरावा, चारवर प्रयोगशाळेत जोडून चालवलेली वस्तू, नऊवर प्रत्यक्ष वापरात उतरलेलं तंत्रज्ञान. हल्ली अनुदानाचे अर्ज भरणारे प्राध्यापक हवापाण्याच्या गप्पांतही ‘आमचं अजून तीनवर आहे’ असं म्हणतात. तीनवरून पुढच्या पायऱ्या चढणं म्हणजे काय? घरच्या चार माणसांपुरती पुरणपोळी जमणं वेगळं, आणि लग्नात पाचशे पानांना एकसारखी, गरम, न फुटलेली पोळी वाढणं वेगळं. पीठ तेच, पुरण तेच, पण चूल, हात, वेळ आणि हिशेब पार बदलतो.

पेशींच्या बाबतीत हा बदल जवळून पाहण्यासारखा आहे. संशोधनाच्या प्रयोगशाळेत एखादी थाळी दूषित झाली तर विद्यार्थी हळहळतो, ती टाकतो आणि दुसरी लावतो. रुग्णासाठी पेशी बनवताना दुसरी थाळी नसते, कारण रक्त त्या एकाच माणसाचं असतं आणि त्याच्याकडे वेळही फार नसतो. म्हणून ‘जीएमपी’ (औषधनिर्मितीची प्रमाण पद्धती) दर्जाची खोली लागते. हवा गाळून आत सोडलेली, बाहेरच्यापेक्षा आतला दाब जास्त. आत जाणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक पोशाख चढवायचा. काम चालू असताना पोषक द्रव्याच्या उघड्या बशा खोलीत मांडून ठेवायच्या आणि नंतर त्यांवर काही उगवतं का ते पाहायचं. पारंपरिक निर्जंतुकता चाचणीला १४ दिवस लागतात. प्रत्येक बाटलीचा लॉट क्रमांक, प्रत्येक पायरीची वेळ, करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची वेगळी सही, अशा ‘बॅच रेकॉर्ड’च्या कागदांनी जाडजूड फाइल होते. यातल्या एकाही गोष्टीवर पीएचडी मिळत नाही, एकही शोधनिबंध होत नाही. आणि यातली एकही वगळली, तर औषध नियंत्रक फाइल पुढे सरकू देत नाही.

ही अडचण केवळ गरीब देशांची आहे असंही नाही. कार-टीचे प्रणेते म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे कार्ल जून यांनाही ती चुकली नाही. त्यांच्या गटाने २०१० मध्ये रुग्णांवर उपचार सुरू केले तेव्हा हाताशी मुख्यतः एका धर्मादाय संस्थेचा पैसा होता, आणि तीन रुग्ण होईपर्यंत तो आटला. योगायोगाने त्या तिघांचे निकाल थक्क करणारे निघाले. २०११ मध्ये ते छापून आले आणि पुढच्याच वर्षी नोव्हार्टिसने विद्यापीठाशी करार केला. ते निकाल तसे निघाले नसते तर चौथ्याची पाळी कधी आली असती, कोण जाणे.

विद्यापीठाने स्वतःच ही मधली वाट बांधावी, ही कल्पना शंभर वर्षांची आहे आणि तिची सुरुवात चक्क मुडदुसापासून होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातले हॅरी स्टीनबॉक यांना १९२३ च्या सुमारास असं दिसलं, की अन्नावर अतिनील किरण टाकले की त्यात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. मुलांच्या हाडांना बाक आणणाऱ्या मुडदुसावर हा उपाय होता. स्टीनबॉक यांनी पदरचे ३०० डॉलर घालून पेटंटचा अर्ज केला. क्वेकर ओट्स कंपनीने त्यासाठी दहा लाख डॉलरच्या घरातली रक्कम देऊ केली. त्या काळात कोणाही प्राध्यापकाच्या सात पिढ्या बसून खातील एवढी. त्यांनी ती घेतली नाही. शोधातून येणारा पैसा विद्यापीठाच्या पुढच्या संशोधनाला मिळावा म्हणून १९२५ मध्ये माजी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक न्यास उभा राहिला, ‘विस्कॉन्सिन अलम्नाय रिसर्च फाउंडेशन’. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याचं छोटं नाव झालं ‘वॉर्फ’. पुढे याच विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेतून रक्त गोठू न देणारं एक रसायन निघालं. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं, नंतर माणसांचं औषध झालं. न्यासाच्या नावावरून त्याला नाव मिळालं वॉर्फरिन. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या कोणाच्या औषधांच्या डब्यात ही गोळी असेल, तर विद्यापीठाच्या एका न्यासाचं नाव तिथे रोज घेतलं जातं.

वॉर्फसारखे न्यास मात्र मोजकेच. १९८० पर्यंत अमेरिकेत सरकारी पैशांतून झालेल्या शोधांची पेटंटं सरकारच्याच ताब्यात राहत. अशी सुमारे २८ हजार पेटंटं साठली होती आणि त्यातली पाच टक्केही कोणी वापरायला घेतली नव्हती. डिसेंबर १९८० मध्ये आलेल्या बे-डोल कायद्याने हक्क विद्यापीठांना दिले आणि विद्यापीठागणिक ‘टेक्नॉलॉजी ट्रान्सफर’ची कार्यालयं निघाली. जनुक जोडण्याच्या कोहेन-बॉयर तंत्राने स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाला २५ कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिल्याची कथा अशा प्रत्येक कार्यालयात भक्तिभावाने सांगितली जाते. दुसरी कथा सहसा सांगितली जात नाही. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात असं दिसलं, की आधीच्या वीस वर्षांत अमेरिकेतल्या सरासरी ८७ टक्के विद्यापीठांच्या अशा कार्यालयांचा खर्चही त्यांच्या कमाईतून सुटला नव्हता. ‘विद्यापीठांनी संशोधन विकून स्वावलंबी व्हावं’ असं आपल्याकडे व्यासपीठावरून उठता-बसता सांगणाऱ्यांसाठी हा आकडा जपून ठेवावा असा आहे.

भारतानेही बे-डोलच्या धर्तीवर एक विधेयक आणलं होतं. डिसेंबर २००८ मध्ये ते राज्यसभेत मांडलं गेलं, त्यावर खूप वाद झाला, आणि कायदा न होताच २०१४ मध्ये ते मागे घेतलं गेलं. त्यापेक्षा खरा फरक पाडला तो कमी गाजलेल्या दोन गोष्टींनी. २००९ मध्ये सरकारी प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांना आपल्या शोधावर निघालेल्या कंपनीत भागीदारी घेण्याची मुभा मिळाली. तोवर पगारी शास्त्रज्ञाने कंपनी काढणं म्हणजे जवळजवळ गैरवर्तनच. आणि मार्च २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने ‘बायरॅक’ ही संस्था काढली. तिची ‘बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट’, बोलीत नुसतं ‘बिग’, ५० लाख रुपयांपर्यंत आणि १८ महिन्यांसाठी मिळते. हे कर्ज नाही. प्रयोग फसला तर पैसे परत मागितले जात नाहीत. सरकारी पैसा ‘फसायला’ देणं ही आपल्या लेखापरीक्षणाच्या संस्कृतीत लहान गोष्ट नव्हे.

अर्थात पैसे एकदम हातात पडत नाहीत. हप्ते असतात आणि प्रत्येक हप्त्याला एक ‘माइलस्टोन’ बांधलेला असतो. अमुक महिन्यापर्यंत नमुना तयार, अमुकपर्यंत प्राण्यांवरची चाचणी. पुढच्या हप्त्यासाठी मागच्याचं ‘यूसी’ म्हणजे विनियोग प्रमाणपत्र लागतं, त्यावर सनदी लेखापालाची सही लागते. ज्या माणसाला आजवर फक्त ‘रिकरिंग’ आणि ‘नॉन-रिकरिंग’ हे अनुदानाच्या खर्चाचे दोनच शब्द छळत होते, त्याला आता जीएसटी, टीडीएस आणि भागधारकांचा करारनामाही कळावा लागतो. अशा वेळी हात धरायला इन्क्युबेटर असतो. पवईचं ‘साइन’ २००४ पासून हे काम करतं. ‘थ्री इडियट्स’मध्ये उडणारा ड्रोन ज्या ‘आयडियाफोर्ज’चा होता, ती कंपनीही तिथेच वाढली आणि २०२३ मध्ये शेअर बाजारात उतरली.

पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून ‘व्हेंचर सेंटर’ आहे. त्याची गंमत अशी, की नवउद्योजकाला तिथे खोलीभर प्रयोगशाळा भाड्याने घेण्याची सक्ती नाही, कामाचा एखादा ओटा घेऊनही सुरुवात करता येते. कोट्यवधींचं विश्लेषण यंत्र विकत घेण्याऐवजी नमुन्यामागे पैसे मोजून वापरता येतं. पेटंटचा अर्ज कसा लिहायचा, नियामकाकडे कोणती कागदपत्रं लागतात, हे सांगणारी माणसं त्याच छपराखाली मिळतात. रसायनशास्त्रात पीएचडी केलेल्या मुलाला किंवा मुलीला ही माणसं यंत्रापेक्षाही अधिक उपयोगी पडतात, असं म्हटलं तर यंत्रवाल्यांनी रागावू नये.

या सगळ्याचा एक नमुना अमेरिकेतल्या एमआयटीतही दिसतो आणि त्याच्याशी आपल्या शेजारच्या हुबळीचं नातं आहे. मूळचे हुबळीचे उद्योजक गुरुराज देशपांडे आणि त्यांच्या पत्नी जयश्री यांच्या देणगीतून २००२ मध्ये तिथे ‘देशपांडे सेंटर’ निघालं. प्राध्यापकाची कल्पना अजून कंपनी काढण्याजोगी नाही, पण निबंधात गाडून टाकावी अशीही नाही, एवढ्याच अवस्थेसाठी हे केंद्र पैसे देतं. पैशांबरोबर उद्योगातली अनुभवी माणसंही जोडून देतं आणि ती फुकट वेळ देतात. योगायोग असा, की तिथल्या पहिल्या अनुदानाचं नावही ‘इग्निशन’च.

पवई, पाषाण, माटुंगा ही नावं सहज जिभेवर येतात. माटुंग्याच्या जुन्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, कारखानदार आपली अडचण घेऊन प्राध्यापकांच्या दारात येण्याची परंपरा फार जुनी आहे. तिथल्याच जैवऊर्जा केंद्राने शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल करण्याची पद्धत विकसित केली आणि २०१६ मध्ये उत्तराखंडातल्या काशीपूरला दिवसाला दहा टन काडीकचरा पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. पण कोल्हापूर, नांदेड, जळगाव, अमरावतीचं काय? महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाला ‘नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य मंडळ’ दिलं. नाव एका दमात म्हणून दाखवणाऱ्याला पहिलं अनुदान द्यावं असं ते आहे. हेतू चांगलाच आहे. पण आठवड्याचे तास भरणारा, पेपर तपासणारा, नॅकच्या फायली लावणारा प्राध्यापक १८ महिने एकाच यंत्रामागे लागणार कसा, हा प्रश्न मंडळाच्या नावाने सुटत नाही. निधीइतकीच गरज असते ती तासिकांतून सुटका मिळण्याची आणि जागेवर दुसरा शिक्षक असण्याची. अर्जात त्याला रकाना नसतो.

आता पुन्हा पवईकडे. पहिल्या रुग्णाला पेशी दिल्या गेल्यावर पाच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, हैदराबादच्या लॉरस लॅब्जने इम्युनोॲक्टमधला २६.६२ टक्के हिस्सा ४६ कोटी रुपयांना घेतला. खासगी पैसा आला तो कधी, हे लक्षात घेण्यासारखं आहे. प्रयोगशाळा, विद्यार्थी, विषाणूच्या बॅचेस, चाचणीची परवानगी, पहिली पिशवी, ही सगळी जोखीम सार्वजनिक पैशाने अंगावर घेतल्यानंतर. यात कंपनीचा दोष नाही, पैसा असाच चालतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी या उपचाराला, ‘नेक्सकार-१९’ या नावाने, मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईतच राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त २०२५ मध्ये छापलेल्या निकालांनुसार ७३ टक्के रुग्णांमध्ये उपचाराला प्रतिसाद मिळाला.

किंमत चाळीस लाखांच्या आसपास. परदेशाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, आणि तरीही मराठवाड्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने सगळी जमीन विकली तरी न पुरणारी. करदात्याच्या पैशाने पहिला धोका पत्करला, तर किमतीत करदात्याचा काही शब्द असावा का? अमेरिकेच्या कायद्यात, औषध लोकांपर्यंत पोचत नसेल तर सरकारने हस्तक्षेप करून परवाना दुसऱ्याला देण्याची तरतूद आहे. इतक्या वर्षांत तिथल्या सरकारने ती एकदाही वापरलेली नाही. भारतात अनुदान देताना किमतीची अट घातली, तर पुढे गुंतवणूकदार फिरकणार नाही अशी भीती असते आणि ती निराधारही नाही. पण इम्युनोॲक्टच्या बाबतीत एक गोष्ट नोंदवावीच लागते. इथला दर अमेरिकेपेक्षा कमी राहिला तो कोणत्या अटीमुळे नव्हे. विषाणूपासून पेशी वाढवण्यापर्यंतचं काम आयात न करता इथेच बसवलं, म्हणून. आणि ते इथे बसवण्याचा खर्च त्या कंटाळवाण्या, निबंध न होणाऱ्या वर्षांत झाला होता.

भारताचा संशोधनावरचा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, आणि कित्येक वर्षं तो त्याच्याच आसपास रेंगाळतो आहे. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘संशोधन, विकास आणि नवोन्मेष’ योजनेला मंजुरी दिली, रक्कम एक लाख कोटी रुपये. त्यातून कमी व्याजाची किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीची कर्जं मिळतील, कंपन्यांत भांडवलही घातलं जाईल. अट अशी, की तंत्रज्ञान टीआरएल चार किंवा त्याच्या पुढचं हवं. तीनवर थांबलेल्या प्राध्यापकाला हे कर्ज मागता येत नाही. त्यासाठी त्याने आधी कंपनी काढायला हवी, नमुना चालवून दाखवायला हवा, आणि त्या एका पायरीसाठी त्याच्या हाती आजही तोच ५० लाखांचा, १८ महिन्यांचा अर्ज आहे.